सव्वा किलोचा लॅपटॉप

या लॅपटॉपचे गुण-दोष सांगणारे व्हिडिओ मी ढिगाने बघितलेत. प्रत्येकात एक कोरलेल्या दाढीचा मुलगा पांढऱ्या भिंतीसमोर बसतो, लॅपटॉप दोन बोटांनी उचलतो आणि म्हणतो, बघा किती हलका. ते खरंच आहे. पण त्या मुलाच्या घरी माझी आई नाही, पप्पा नाहीत आणि शेजारी भिकनकाका तर नाहीतच. त्यामुळे त्याचं सांगणं अर्धवट आहे. उरलेलं मी सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही. फुकटात जाहिरात कशाला करू?

आम्ही नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात राहतो. गुलाब, झेंडू, शेवंती. मी आरोही, वय सतरा. दहावीच्या सहामाहीला भूमितीच्या सरांशी वाजलं आणि शाळा सुटली. चूक कोणाची होती हे विचारू नका. सरांची होती. तेव्हापासून मी डेकोरेशन करते. बारसं, हळद, साखरपुडा. फुलं घरची, डोकं माझं. लोक मोबाईलवर फोटो बघायचे आणि काम द्यायचे. बरं चाललं होतं.

मग नाशिकरोडच्या अलीकडे लग्नांचं एक मोठं लॉन्स आहे, तिथल्या मालकीणबाईंचा, योगिनीताईंचा फोन आला. "तुळशीच्या लग्नानंतर माझ्या तारखा भरलेल्या आहेत. रविवारी दुपारी ये आणि स्टेजची तीन डिझाईन दाखव. पण मोबाईलवर नको हं. मला मुंगीएवढं काही दिसत नाही."

दसऱ्याला झेंडूला बरा भाव मिळाला होता, म्हणून पप्पा निदान दुकानापर्यंत आले. मी हा छोटा लॅपटॉप दाखवला. पप्पांनी शेजारचा दाखवला. तो याच्या दुप्पट मोठा, दुप्पट जाड आणि बराच स्वस्त होता.

"हा घे की. भरलेला वाटतो."

"पप्पा, तो डिझाईन उघडताना धापा टाकतो. आणि मला तो बॅगेत घालून फिरायचंय, त्याच्यावर मळणी नाही करायची."

दुकानात आम्ही जरा मोठ्याने बोललो असू, कारण शेजारच्या काउंटरवर फ्रिज बघायला आलेली माणसं फ्रिज सोडून आमच्याकडे बघायला लागली. शेवटी पप्पांनी अट घातली. "रविवारी लॉन्सचं काम मिळालं तर हा तुझा. नाही मिळालं तर सोमवारी हा दुकानात परत, आणि तू सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं. कबूल?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. इतर घरात पोरांना बागुलबुवा दाखवतात, आमच्या घरात हा दाखवतात. मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुकानातला पोरगा म्हणाला, "परत घेऊ ना काका. फक्त ओरखडा नको, खोकं पाहिजे आणि वरची फिल्म काढलेली नको."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. पप्पांनी ते मंत्रासारखं पाठ केलं. घरी आल्यावर स्क्रीनवरची फिल्म काढायला मी नख लावलं तर पप्पा ओरडले, "हात लावू नको!" आमच्याकडे सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. पण महागातल्या स्क्रीनचे सगळे रंग मी धुक्यातून बघत होते. हा दोष कंपनीचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

संध्याकाळी भिकनकाका आले. काकांची शेजारी द्राक्षबाग आहे. आमच्याकडे काहीही नवीन आलं, मग ती फवारणीची मोटर असो की आईची साडी, काका आधी बघतात, मग ते आमचं होतं.

"एवढुसा?" काका म्हणाले. "सोमनाथ, तुला फसवलं. आमच्या घरची भाकर याच्यापेक्षा मोठी असते."

पप्पांना तेच ऐकायचं होतं. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि सरळ पॅकिंग शेडमधल्या काट्यावर ठेवला, ज्याच्यावर आम्ही झेंडू मोजतो. सव्वा किलो. पप्पांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "किलोला काय भाव पडला याचा सांगू?"

"तो किलोवर नसतो विकत!"

"सगळं किलोवर असतं, बाळा. फक्त दुकानदार सांगत नाही."

मग काका म्हणाले, चालू करून दाखव. मी म्हटलं, चालूच आहे. काकांनी कान लावला. "आवाज तर येईना."

"याच्यात पंखाच नाही, काका. म्हणून आवाज नाही. हा त्याचा गुण आहे."

"यंत्राला आवाज पायजे. माझा ट्रॅक्टर बंद पडला तर मला बांधावरून कळतं. हे बंद पडलं तर कसं कळायचं?"

याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ होता, मोठ्या पडद्यावर बघायचा म्हणून आणलेला. काका लॅपटॉप उलटा, सुलटा, आडवा करून भोक शोधायला लागले. या लॅपटॉपला कडेला दोनच भोकं आहेत आणि दोन्ही बारीक. पेन ड्राइव्ह बसत नाही. त्याला वेगळा जोड लागतो आणि तो दुकानात वेगळा मिळतो.

"म्हणजे एवढे पैसे घेऊन भोकसुद्धा दिलं नाय?" काकांना मनापासून वाईट वाटलं. जाताना त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्याच्या घरी काही वाईट झाल्यावर ठेवतात तसा. "सोमवारी टाकून ये दुकानात. मी येतो सोबत."

मी दोन दिवस मान वर न करता काम केलं. हा लॅपटॉप काम करायला खरंच फार चांगला आहे. बटणं मऊ, डिझाईन कितीही मोठं असो, अडकत नाही. एका डिझाईनमध्ये मी शेवंतीचा अख्खा पडदा केला, हजारभर फुलं, आणि तो सगळा पडदा बोटाने गरकन फिरवता यायचा. फक्त काम जड झालं की हा तापतो. पंखा नाही, मग जाणार कुठे ती गरमी? धातूचं अंग, सगळं पाठीवर येतं.

शनिवारी दुपारी तो असाच तापला होता. शेडमध्ये मोबाईलला रेंज चांगली येते म्हणून मी तो पॅकिंगच्या टेबलावर उघडा ठेवला आणि डिझाईन मोबाईलवर पाठवायला लावून जेवायला गेले. जेवताना काका आले आणि सार्थकशी, म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या मुलाशी, फोनवर बोल म्हणाले. सार्थकचं म्हणणं होतं की मी चुकीचा लॅपटॉप घेतला. आमचं संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. त्याला सोळा जीबी, बत्तीस जीबी सगळं येतं, पण शेवंती आणि झेंडू यातला फरक त्याला कळत नाही. हे मी त्याला सांगितलंसुद्धा. मग थकून झोपले.

रविवारी सकाळी उठून शेडमध्ये गेले तर टेबल धुतलेलं, पुसलेलं, रिकामं.

"आई, लॅपटॉप कुठे?"

"ठेवलाय," आई भाकरी थापत म्हणाली. "काल किती तापला होता माहितीये का? हात लावला तर चटका बसला. माझ्यासमोर त्याने मान टाकली. पडदा काळा ठिक्कर. म्हटलं, गेला हा. मग ओला पेपर पिळून गुंडाळला आणि गार जागेत ठेवला. सकाळपर्यंत तरतरी येईल."

पडदा काळा झाला कारण तो पाच मिनिटं हात नाही लावला की झोपतो. पण गुलाब गरम झाला की मान टाकतो, त्याला ओल्या पेपरात गुंडाळून गार ठेवला की सकाळी उभा राहतो, हे आईने आयुष्यभर केलंय. तिने त्याच मायेने केलं. मला ओरडायला आलं होतं, पण त्याआधी दुसरा विचार आला.

"गार जागेत म्हणजे कुठे?"

आईचा हात परातीत थांबला. "गुलाबाच्या खोक्यात."

"आणि खोकं?"

खोकं पप्पांच्या टेम्पोत होतं आणि टेम्पो पहाटेच बाजारात गेला होता. वीस गुलाबांची एक गड्डी, प्रत्येक गड्डी पेपरात गुंडाळलेली, एकावर एक रचलेली. त्यांच्यात पेपरात गुंडाळलेला एक सपाट, सव्वा किलोचा लॅपटॉप. जाडजूड असता तर खोक्याचं झाकण लागलं नसतं आणि कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. पांढऱ्या भिंतीसमोरचा मुलगा म्हणतो, बारीक असणं हा याचा सगळ्यात मोठा गुण. त्याने एकदा आमच्याकडे यावं.

पप्पांना फोन लावला. मागे बाजाराचा गोंगाट. "माल गेला सगळा! आज चांगला उठाव होता!" पप्पा खुशीत होते. मी सांगितलं. पप्पा म्हणाले, "लगेच इकडे ये."

मला काकांनी मोटारसायकलवरून नेलं. रस्ताभर ते मागे मान वळवून सांगत होते, "आवाज असता तर खोक्यातून ऐकू आलं असतं. मी बोललो होतो." मी फक्त एवढंच म्हणत होते, "काका, पुढे बघा."

फुलबाजारात पप्पा आडतदार धोंडीरामशेठच्या गाळ्यासमोर उभे होते. शेठ गादीवरून हलले नाहीत.

"लिलाव झाला की माल शेतकऱ्याचा नाही आणि माझाही नाही. हा नियम आहे."

"शेठ, तो माल नव्हता, लॅपटॉप होता," मी म्हटलं.

"मला खोक्यात गड्ड्या आल्या, मी गड्ड्या विकल्या. तुमच्या विक्रीच्या पट्टीवर, हिशोबाच्या कागदावर, लॅपटॉप असा शब्द दाखवा, मी आत्ता शोधून देतो."

"पट्टी तुम्हीच लिहिता!"

"मग मी खोटं लिहितो म्हणतेस?"

आजूबाजूचे चार गाळेवाले गोळा झाले. एकाने सल्ला दिला, पोलिसात जा. दुसरा म्हणाला, पोलीस विचारतील, गुलाबात लॅपटॉप का ठेवला, तेव्हा काय सांगणार? तिसऱ्याला तो लॅपटॉप कितीला पडला ते हवं होतं. पप्पांनी सांगितलं. मग सगळे आपापल्या परीने हळहळले आणि तिसरा म्हणाला, "एवढ्यात गाय आली असती." पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुभती." मी रागाने शेठच्या गादीशेजारची झेंडूची टोपली लाथेने उलटवणार होते, पण ती आमचीच होती.

शेवटी शेठच्या हमालाने सांगितलं की ते खोकं गंगेवरच्या सगुणाबाईंनी उचललं. गंगेवर म्हणजे गोदावरीच्या घाटावर. आम्ही पळत निघालो.

सगुणाबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या, पुढे गुलाबांचा ढीग. मांडीसमोर पालथ्या क्रेटवर माझा लॅपटॉप. बंद, झाकण वर. त्याच्यावर त्या सुरीने गुलाबाचे देठ कापत होत्या. खच्‌. खच्‌. खच्‌.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचा पेढेवाला उठून उभा राहिला.

"काय झालं गं?" सगुणाबाई म्हणाल्या, पण सुरी थांबली नाही.

"तो लॅपटॉप आहे!"

"असंल. मला पाट वाटला. गड्ड्यांच्या मधी निघाला. मला वाटलं, सोमनाथ आता खोक्याच्या तळाला पाट पण देतो." त्यांनी त्याच्यावर हात फिरवला. "चांगला हाय. हलका हाय, गार हाय, पाण्याने फुगत नाय. फक्त घसरतो लय. आणि कडा नाय, पाकळ्या खाली सांडतात. तेवढं सुधारा म्हणावं."

एवढं नेमकं मत मी एकाही व्हिडिओत ऐकलेलं नाही. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी हात पुढे केला. त्यांनी सुरी मध्ये धरली.

"थांब. मला एक गड्डी कमी भरली. पैसे पुऱ्या खोक्याचे दिलेत मी. आधी माझी गड्डी आण, मग तुझा पाट ने."

"मावशी, तुम्ही त्याच्यावर काय कापलंत माहितीये का?"

"तू माझ्या खोक्यात काय घातलंस माहितीये का? आवाज खाली कर. देवाची फुलं हायेत."

मी पुढे बोलणार होते, पण पप्पांनी माझा दंड धरला. "आणतो, मावशी." आमच्या टेम्पोत एक पाकळी उरली नव्हती. म्हणून पप्पा परत धोंडीरामशेठकडे गेले आणि गुलाबाची गड्डी विकत मागितली. आमच्या मळ्यातलीच गड्डी, सकाळी शेठला विकलेली. शेठने दुपटीने भाव सांगितला. पप्पा जन्मात कधी गुलाब विकत घ्यायला उभे राहिले नव्हते. "एवढे?" ते म्हणाले. "आणि मान तर बघा, वाकडी आहे." शेठ म्हणाले, "शेतकऱ्याला विचारा, मी फक्त विकतो." पप्पांनी मुकाट्याने पैसे दिले. गड्डी हातात धरून ते बाजारातून चालत आले तेव्हा ओळखीचे सगळे विचारत होते, कोणासाठी?

लॅपटॉप हातात आला. झाकणावर सुरीचे उभे-आडवे चरे होते, एका कोपऱ्यात हिरवा डाग. आईने आतही घातलेला ओला पेपर स्क्रीनला चिकटून ती फिल्म सुटून गुंडाळली गेली होती, ती मी ओढून फेकली. बटणांमध्ये एक पाकळी अडकली होती. बटण दाबलं. दोन श्वास गेले आणि तो चालू झाला. शेवंतीचा पडदा जसाच्या तसा, आणि पहिल्यांदा धुक्याशिवाय. खरंच सुंदर स्क्रीन आहे. हे आधीच सांगायला हवं होतं, पण आधी दिसलीच नव्हती.

"आता दुकानदार घेईल का परत?" काकांनी विचारलं.

पप्पांनी चऱ्यांवरून बोट फिरवलं. काका म्हणाले, गंगेवर आलोच आहे तर दर्शन घेऊन येतो. खरं म्हणजे त्यांनाही पप्पांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

टेम्पोने आम्ही थेट लॉन्सवर निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखं सगळं अडकलेलं. मी दुपट्ट्याने डाग घासत होते. काम मिळालं नाही तर आता लॅपटॉप परत जाणार नव्हता, पण मी मात्र दहावीला जाणार होते. म्हणजे दोघांपैकी फक्त मीच परत जाणार होते.

लॉन्सवर योगिनीताई खुर्च्या मोजून घेत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं फटाफट. "चल, हॉलच्या टीव्हीला लाव." टीव्हीची वायर आली, रुंद तोंडाची. माझ्या लॅपटॉपला दोन बारीक भोकं. त्यांचा माणूस लॅपटॉपच्या चारी बाजू फिरवून बघायला लागला. मी म्हटलं, "नाहीये. शोधू नका." मग बाहेर टेबलावर ठेवला तर उन्हात स्क्रीनवर फक्त योगिनीताईंचा चष्मा दिसत होता. शेवटी आम्ही 'वधू कक्ष' लिहिलेल्या खोलीत गेलो, पडदे ओढले आणि ताई, पप्पा आणि मी एका पलंगावर दाटीवाटीने बसून त्या एवढ्याशा पडद्यात डोकं घातलं.

मी तिन्ही डिझाईन दाखवली. शेवंतीचा पडदा फिरवला. कुठलं फूल कधी कोमेजतं, रात्रीच्या लग्नाला निशिगंध कुठे लावायचा, फोटोत झेंडू कुठे भडक येतो, सगळं सांगितलं. मग ताईंनी लॅपटॉप मिटला आणि झाकणाकडे बघत राहिल्या.

"किती वर्षं करतेस गं हे?"

मी तोंड उघडलं. ताईंनीच हात वर केला. "राहू दे, दिसतंय. मागच्या आठवड्यात एक मुलगा आला होता. असलाच लॅपटॉप, वरचा कागदसुद्धा काढलेला नाही. त्याला म्हटलं, बाबा, आधी चार लग्नं कर, मग ये. हा बघ, किती राबलेला आहे. याच्यावर देठसुद्धा कापलेत वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"अहो ताई, तो तर..." पप्पा म्हणाले. मी त्यांच्या चपलेवर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं. पप्पा थांबले. ताईंना वाटलं, लेकीचं कौतुक करता करता त्यांना भरून आलं.

"पहिली तीन लग्नं तुझी. आवडलं तर सगळा सीझन." ताई उठल्या. मी पण उठले, आणि आनंदात एवढी होते की त्यांचा पुढचा प्रश्न येताना दिसला नाही. महाराष्ट्रात प्रत्येक मोठं माणूस प्रत्येक लहान माणसाला जो विचारतं, तोच.

"दहावीला किती पडले होते गं?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी पायात चप्पल नीट केली.

"या वर्षी देतेय," पप्पा म्हणाले. "बाहेरून. सतरा नंबर. काम पण करते आणि अभ्यास पण."

"शाब्बास!" ताई म्हणाल्या. "निकाल लागला की पेढे घेऊन ये मला. विसरू नकोस, मी विचारणार."

टेम्पो फाटकाबाहेर येईपर्यंत मी दम धरला.

"पप्पा, ठरलं काय होतं? काम मिळालं तर फॉर्म नाही!"

"हो. तसंच ठरलं होतं."

"मग?"

"मग काय, त्या बाईला मी खोटं सांगू?"

"सांगितलंतच की!"

"म्हणून तर आता ते खरं करायला लागेल ना."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. द्वारकेला परत सगळं अडकलं होतं. पुढे ट्रक, मागे रिक्षा, कुठे उतरून पळायचीही सोय नाही.

"तो फॉर्म ऑनलाइन असतो म्हणे," पप्पा स्टेअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले. "मोबाईलचं नेट जोड आणि भरून टाक इथेच. बॅटरी संपली असेल ना त्याची? शनिवारपासून चार्जिंगला कुठे लावलाय."

मी आशेने झाकण उघडलं. शनिवारी दिवसभर काम, रात्रभर खोक्यात, सकाळभर देठाखाली, दुपारी लॉन्सवर.

एकसष्ट टक्के.

त्या मुलाला सांगा, या लॅपटॉपचा खरा दोष हा आहे.